ळ संपले तेव्हा

या महिन्याच्या टपालात नऊ पत्रं एकाच दुखण्याची निघाली: कविता थांबवायची कुठे? त्यातली चार निवडली, आणि एक चिठ्ठी शेवटी घेतली आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. नाशिक आता पाथर्डी फाट्यापलीकडे पसरलं असलं तरी कवींचं नाशिक अजून रविवार कारंजाला एक चक्कर मारली की संपतं. कोण कोण ते लगेच कळतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. गारपिटीवर चौदा ओळींची कविता लिहिली. आमच्या मंडळात वाचली तर एक ज्येष्ठ म्हणाले, निम्मी काप. थिनिंगच्या वेळी मी घडातले मणी बिनदिक्कत काढतो, पण इथे कात्रीच चालेना. कोणती ओळ काढायची हे ओळखायचं कसं? कविता सोबत जोडली आहे. छापलीत तरी चालेल.

छापते. लोकांना दिसल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

रात्री गारा पडल्या
सकाळी नाना बागेत गेले
मी त्यांच्या मागे
घडांचा सडा पडला होता
जणू आमची स्वप्नंच मातीत मिळाली होती
नाना खाली बसले
एक मणी उचलला
धोतराला पुसला
तोंडात टाकला
म्हणाले, साखर उतरली होती
निसर्गा, तू इतका निर्दय कसा
बळीराजाच्या नशिबी नेहमी हेच का
डोळे कोरडे होते नानांचे
पण काळीज आतून जळत होतं

नानांनी मणी तोंडात टाकला तिथे मी वाचता वाचता थांबले. चहा गार झाला. मग पुढच्या चार ओळी वाचल्या आणि तुमच्यावर थोडी चिडले, कारण नानांना तुम्ही बागेतून उठवून थेट सभेत नेऊन उभं केलंत.

उत्तराआधी एक घरची गोष्ट सांगते. माझ्या वडिलांचा भद्रकालीत छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, छापायचं एक ट्रेडल मशीन, अक्षरं ठेवायच्या खणांच्या दोन लाकडी केसी आणि शाईचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हस्तपत्रकं, कधीमधी एखादा कवितासंग्रह. बाराव्या वर्षापासून मी अण्णांच्या शेजारी उभी राहून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकले. प्रत्येक अक्षराला आपला खण. छापून झालं की खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, तेव्हा पुढचं काम. आमच्याकडे ळ फार नव्हते. पत्रिकेला ळ लागतो तो 'स्थळ'ला आणि 'वेळे'ला, पावतीपुस्तकाला तोही नाही. पण कवितासंग्रह आला की अण्णा कपाळाला हात लावत. "कवी आला की ळ संपतात," म्हणायचे. खरंच होतं ते. डोळे, काळीज, काळोख, आभाळ, कळा, झुळूक, ओंजळ, जिव्हाळा. एकोणीस-वीस पानं जुळवली की खण रिकामा.

मी एकोणीस वर्षांची असताना कॉलेजच्या वार्षिकात माझी कविता आली. छपाई आमच्याकडेच होती. आजी पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाते, घागर भरते, त्याची बारा ओळींची कविता. अण्णा स्वतः जुळवत होते. दहावी ओळ झाली आणि हात थांबला. दुसरा एक फर्मा, म्हणजे छापायला बांधलेला मजकूर, मशीनवर चढलेला, सगळे ळ त्यात अडकलेले. माझ्या उरलेल्या दोन ओळी होत्या, 'काळजाच्या काळोखात आभाळ ओथंबून गळतं'. अण्णा म्हणाले, "यात चार ळ आहेत आणि माझ्याकडे एकही नाही. परवा फर्मा सुटला की बसवतो. नाहीतर दुसरे शब्द सांग."

परवापर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी दुसरे शब्द शोधले. काळजाऐवजी हृदय, काळोखाऐवजी अंधार, आभाळाऐवजी आकाश, गळतंऐवजी ठिबकतं. 'हृदयाच्या अंधारात आकाश ओथंबून ठिबकतं.' मोठ्याने वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. चारही शब्द बदलले, तरी काहीच बदललं नव्हतं. मुळातच त्या ओळींत काही नव्हतं, ळचा नाद तेवढा होता. आजीने पदर खोचला आणि घागर उचलली, तिथेच संपवून कविता छापली गेली. मला शहाणपण आलं म्हणून नव्हे, वार्षिक उशिरा निघत होतं म्हणून. दोन दिवस मी अण्णांशी बोलले नाही. शिवाय 'उचलली'चं 'उचलती' छापलं गेलं ते वेगळंच.

तर तुमच्या कवितेत मी सहज ळ मोजले. सहा आहेत. एक 'सकाळी'तला, तो राहू द्या. उरलेले पाच मी काढणार आहे त्याच ओळींत आहेत: मिळाली, बळीराजा, डोळे, काळीज, जळत. हा नियम नाही हो. ळवर माझा राग नाही. पण शब्द बदलून बघायची ती युक्ती मात्र मी अजून वापरते. 'काळीज आतून जळत होतं' ऐवजी 'हृदय आतून पेटलं होतं' करून बघा. काही बिघडलं का? नाही. आता 'धोतराला पुसला' ऐवजी 'कापडाला पुसला' करून बघा. नाना गेले की नाही? जी ओळ कशीही फिरवली तरी तशीच राहते ती काढायची. जिचा एक शब्द हलवला की घर हलतं, तिला हात लावायचा नाही.

पाचवी ओळ काढा. शेवटच्या चार काढा. आणि आता तुम्हाला आश्चर्य वाटेल, एक ओळ घाला. तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे की ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की माल फेब्रुवारी-मार्चात तोडणीला येतो आणि नेमक्या त्याच वेळी ढग येतात. 'साखर उतरली' म्हणजे माल तयार झाला हे कणकवलीच्या वाचकाला कसं कळावं? त्याला ते सांगावंच लागेल. सुरुवातीलाच सांगून मोकळे व्हा:

आठ दिवसांनी तोडणी होती
रात्री गारा पडल्या
सकाळी नाना बागेत गेले
मी त्यांच्या मागे
घडांचा सडा पडला होता
नाना खाली बसले
एक मणी उचलला
धोतराला पुसला
तोंडात टाकला
म्हणाले, साखर उतरली होती

निसर्ग निर्दय आहे हे आता कुणी म्हणालेलं नाही. तोडणी कधी होती ते मात्र सांगितलंय. माहिती द्यायची, अर्थ द्यायचा नाही. नवे कवी बहुतेक उलट करतात: माहिती लपवतात आणि अर्थ ओतत राहतात.

राहिलं थिनिंग. एका हंगामात मी पिंपळगावकडे एका ओळखीच्यांच्या बागेत गेले होते. मांडवाखाली बाया मान वर करून दिवसभर कात्री चालवत होत्या. एकीला विचारलं, कोणता मणी काढायचा हे कळतं कसं? ती म्हणाली, "हा काय वाईट नाही ताई, याला जागा नाही." तुम्ही हे रोज बघता, मला ते पहिल्यांदा दिसलं. वाईट ओळ कोणीही काढतं. 'घडांचा सडा' ही चांगली ओळ आहे, मी ठेवलीय, पण पुढच्या कवितेत अशीच चांगली ओळ जागा नाही म्हणून काढावी लागेल तेव्हा खरी कात्री लागेल.

प्रश्न : मी सिडकोत राहते, गृहिणी आहे. माझ्या कविता लहानच असतात, पाच-सहा ओळींच्या. पण घरात कोणालाच कळत नाहीत. मिस्टर म्हणतात, काहीतरी समजेल असं लिही. मी समजावून सांगू का कवितेत? सोबत एक पाठवते. सासूबाई जाऊन वर्ष झालं. त्यांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात निलगिरी तेलाची बाटली आणि अर्धी विणलेली लोकरीची टोपी तशीच आहे, सुया टोपीतच आहेत. तो कप्पा उघडला की मला काही सुचत नाही. त्यावरून लिहिली आहे.

कविता अशी आहे: 'तो कप्पा / तो वास / मी आणि / ते रितेपण / शब्दांपलीकडलं / असह्य'.

बाई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. पण ते सांगतात तो उपाय चुकीचा आहे. समजावून सांगायची गरजच नाही. कवितेत लिहायचं ते तुम्ही पत्रात लिहिलंत आणि पत्रात लिहायचं ते कवितेत. कोणाचा कप्पा? कसला वास? कवितेत काहीच नाही, 'असह्य' मात्र आहे. पत्रात असह्य कुठेच नाही, तिथे निलगिरी आहे आणि सुया आहेत. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. 'सुया टोपीतच आहेत' यानंतर मला काही सांगायची गरज राहिली नाही.

लहान कविता म्हणजे झाकलेली कविता असा समज आपल्याकडे कुठून आला कोण जाणे. बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठ ओळी. त्यात झरा आहे, चार घरांचं गाव आहे, टेकडी, शेतमळे, पांढरी पायवाट, ती पायवाट जाते तो काळा डोह, सगळं जागच्या जागी. एखाद्या परक्या माणसाला पत्ता सांगावा तसं. आणि शेवटी त्या पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. ते झाड उदास आहे की विरक्त आहे की नुसतं बसलंय, हे बालकवी सांगत नाहीत. १९१८ साली ते गेले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती, आणि समीक्षक अजून त्या झाडापाशी बसलेले आहेत. पण झाड कुठे आहे याबद्दल कुणाचा वाद नाही.

तुम्ही पुन्हा लिहा. 'रितेपण' आणि 'शब्दांपलीकडलं' हे दोन शब्द पुढचं वर्षभर वापरायचे नाहीत एवढंच पथ्य. टोपी कोणासाठी विणत होत्या ते पत्रात नाही. माहीत असेल तर तेही घाला. मिस्टरांना विचारा, त्यांच्या आई होत्या.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारा निवृत्त शिक्षक. कविसंमेलनांत वाचतो. छापील कविता वाचक दोनदा वाचू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून कवितेआधी पार्श्वभूमी सांगावी लागते. परवा एका तरुणाने तोंडावर सांगितलं, सर, प्रस्तावना कवितेपेक्षा मोठी झाली. आपलं मत काय?

सर, माझं मत त्या तरुणाच्या बाजूने आहे, आणि तेही तुमच्यापेक्षा मोठा गुन्हा करून झालेलं. एका संमेलनात मला पाच मिनिटं दिली होती. अण्णांचा छापखाना बंद झाला, शिशाचे खिळे किलोवर विकले, त्यावरची कविता वाचायची होती. मी खिळे म्हणजे काय ते सांगितलं, स्टिक म्हणजे काय, फर्मा म्हणजे काय, मग शिसं कसं वितळतं, मग अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत हेही सांगितलं. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी टेबलावरची घंटी वाजवली. टाळ्या बऱ्या पडल्या. मी खाली बसले आणि मग लक्षात आलं की कविता राहिलीच. शेजारच्या बाई म्हणाल्या, "छान होती हं."

श्रोत्याला सोय नाही हा तुमचा मुद्दा खरा आहे. म्हणून खिळा म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायला हरकत नाही, तो शब्द आता कोणी ऐकत नाही. अण्णा जेवले नाहीत हे सांगायचं नव्हतं. ते सांगितल्यावर कवितेला करायला कामच उरलं नाही.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. कुसुमाग्रजांची 'कणा' तुम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवली असेल. पूर ओसरल्यावर जुना विद्यार्थी सरांकडे येतो. भिंत खचली, चूल विझली, सगळं तो सांगतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो पैसे नको म्हणतो आणि पाठीवर हात ठेवा म्हणतो. संपलं. सरांनी ठेवला का हात? ते कवितेत नाही. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला की छातीला यावर मोजतो, त्याला तर ही कविता सांगावी लागत नाहीच. पण जिथे नदीच नाही त्या गावातही कुणी प्रस्तावना मागत नाही, कारण पुराने काय नेलं ते कवितेतच आहे. आता कल्पना करा, शेवटी दोन ओळी जास्त असत्या: सरांचे डोळे पाणावले, त्यांनी हात ठेवला. शाळेतल्या मुलांनी पाठांतरात त्या दोन ओळी पहिल्यांदा विसरल्या असत्या.

याचा अर्थ कविता नेहमी लहानच असावी असा मात्र घेऊ नका. कुसुमाग्रजांच्याच १९४२च्या 'विशाखा' संग्रहात चांगल्या दमाच्या, लांबलचक कविता आहेत आणि त्यांतलं कडवं काढायला मी कोणाला देणार नाही. लांब कविता वेगळी, लांबवलेली वेगळी. तुमच्या कविता आठ ओळींच्या आहेत, त्या लांब नाहीत. लांब आहे ते तुमचं बोलणं. चाळीस वर्षं शिकवलंत, ते जाणार नाही लवकर, मला माहीत आहे. पुढच्या संमेलनात एक करून बघा: मंचावर गेल्यावर कवितेचं नावसुद्धा सांगू नका, थेट पहिली ओळ. पहिल्या वेळी घशाला कोरड पडते. पाणी जवळ ठेवा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजरोडला शिकते. मोबाईलवर चारोळ्या लिहिते. मैत्रिणींना आवडतात पण आमचे मराठीचे सर म्हणतात, चार ओळी म्हणजे कविता नव्हे, दम लागतो. खरं का?

सरांना चारोळ्यांचा कंटाळा आला असेल, त्यात चूक नाही, मलाही येतो. पण कारण ओळींची संख्या नाही. अभंगाचा एक चौक किती असतो ते मोज: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. 'सुंदर तें ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां'. एकूण बावीस अक्षरं. विठोबा दिसला की नाही? आणि तुकोबांनी त्यात 'सुंदर' हा एक शब्द सोडला तर फक्त तो कुठे उभा आहे आणि हात कुठे आहेत एवढंच सांगितलंय. शेवटचा चरण तर दोन अक्षरं आधीच आटपतो, गाताना तिथे श्वास घ्यायला जागा होते.

तुझ्या आठ चारोळ्या वाचल्या. सातांमध्ये पहिल्या दोन ओळींत काहीतरी घडतं आणि पुढच्या दोन ओळी त्याचा धडा सांगतात, यमकासकट. 'बसच्या काचेवर कुणीतरी नाव लिहून पुसलंय' ही तुझी ओळ आहे ना? चांगली आहे. मग 'प्रेम असंच असतं, पुसलं तरी दिसतं' कशाला? यमक जुळलं म्हणून? चारोळीचा सापळा हाच आहे, तिसरी-चौथी ओळ यमकासाठी येते आणि येताना शिकवणी घेऊन येते. हायकू लिहून बघ. शिरीष पैंनी तो मराठीत रुजवला. तीन ओळी, यमकाची सक्ती नाही, त्यामुळे धडा द्यायला जागाच मिळत नाही. महिनाभर तेवढंच कर आणि मग चारोळीकडे परत ये. काचेची ती ओळ मात्र फुकट घालवू नकोस. कोणती बस होती? नाशिकरोडची असेल तर तसं लिही.

एक चिठ्ठी : कविता पाठवताना सोबत तिचं थोडक्यात रसग्रहण जोडलं तर निवड करायला सोपं जाईल का?

नाही. पत्ता मात्र पूर्ण लिहा, पिनकोडसकट. गेल्या महिन्यात तीन कवींनी दोन-दोन पानांचं रसग्रहण जोडलं होतं आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. त्या तिन्ही कविता माझ्या टेबलावर पडून आहेत. त्यातली एक बरी आहे.